घरचा ऑल-इन-वन प्रिंटर आणि परवडणारी शाई: निवडीचा योग्य क्रम

घरासाठी प्रिंटर घेताना बहुतेक कुटुंबांत क्रम उलटा लागतो. आधी दुकानात जाऊन सर्वांत स्वस्त यंत्र पसंत केले जाते, त्याला कोणती शाई लागते हे पहिले कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, संपल्यावर कळते, आणि घरात महिन्याला किती पाने छापली जातात हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मग कुठे वर्षभरात शाईवर यंत्राच्या किमतीहून जास्त खर्च होतो, तर कुठे दोन-तीन महिने न वापरलेल्या यंत्रात शाई वाळून बसते. दोन्ही नुकसाने टाळता येतात. त्यासाठी आधी पाने, मग तंत्र, मग शाईचा हिशेब आणि त्यानंतरच यंत्र, हा क्रम पाळावा लागतो. पुढील उदाहरणांतल्या किमती केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरल्या आहेत. खरेदीच्या आठवड्यात प्रत्यक्ष बाजारभाव घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

१. एक महिना पानांची नोंद ठेवा

एका वहीत चार रकाने आखावेत: काळी छपाई, रंगीत छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन. घरातल्या कोणीही बाहेरच्या दुकानातून पान छापून आणले की त्याच दिवशी संख्या लिहावी. अंदाजाने काढलेला आकडा बहुधा फुगलेला असतो, कारण मुलांचा एखादा मोठा प्रकल्प लक्षात राहतो आणि एकही पान न छापलेले तीन आठवडे विसरले जातात.

एका महिन्याच्या नोंदीवर वर्षाचा अंदाज बांधताना आपल्या कोल्हापूरकडचे हंगाम धरावेत. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश असतात, त्यासाठी दाखले आणि अर्ज लागतात. घरातले कोणी तालीम मंडळाचे काम पाहत असेल, तर गणेशोत्सवाच्या आधी पत्रे, याद्या आणि रंगीत सूचनापत्रे निघतात. मार्चमध्ये हिशेबाचे कागद वाढतात. शिवाजी विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी घरात असेल, तर परीक्षेच्या आधी नोट्सची पाने एकदम चढतात. वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागावे आणि येणारी सरासरी पुढच्या पायरीत वापरावी.

याच वहीत आणखी दोन गोष्टी नोंदवाव्यात. पहिली म्हणजे दोन छपायांमधला सर्वांत मोठा खंड. शाईच्या प्रिंटरचे आयुष्य ठरवण्यात माझ्या मते पानांच्या संख्येपेक्षा या खंडाचा वाटा मोठा आहे, आणि नेमके त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दुसरी म्हणजे कागदाचा प्रकार: साधा ए४, लीगल आकार, चिकट लेबल, फोटो पेपर की जाड कार्डशीट.

तपासा: महिन्याची सरासरी पाने, त्यांतली रंगीत पाने आणि सर्वांत मोठा खंड, हे तीन आकडे कागदावर आल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

२. तंत्र ठरवा, कंपनी नंतर

घरगुती ऑल-इन-वन म्हणजे छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकाच यंत्रात. त्याचे तीन प्रकार बाजारात दिसतात.

कार्ट्रिजचा इंकजेट, म्हणजे ओल्या शाईने छापणारा प्रिंटर, विकत घेताना स्वस्त वाटतो, पण त्याची छोटी कार्ट्रिजे लवकर संपतात. तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील, तर त्यांतला एक रंग संपला तरी बाकीच्या दोन रंगांसह ते बदलावे लागते. हा प्रकार मी क्वचितच सुचवतो. पाने फारच कमी असूनही रंगीत छपाई आणि स्कॅनर घरातच हवा असेल, तेवढ्यापुरता तो योग्य आहे. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे: ज्या कार्ट्रिजमध्ये हेड (कागदावर शाई फेकणारा भाग) अंगचेच असते, ते बदलले की हेडही नवे मिळते, त्यामुळे वाळलेल्या हेडची दुरुस्ती करावी लागत नाही.

इंक टँक प्रिंटरमध्ये बाटलीने शाई भरतात. एप्सनची इकोटँक, कॅननची पिक्स्मा जी, एचपीची स्मार्ट टँक आणि ब्रदरची डीसीपी-टी या मालिका याच प्रकारातल्या. यंत्र महाग असते आणि छपाई स्वस्त पडते. दर आठवड्याला थोडी तरी छपाई होणाऱ्या आणि रंग लागणाऱ्या घरासाठी हाच प्रकार घ्यावा. टँकमध्येही एक भेद असतो, तो विक्रेता सहसा सांगत नाही. एप्सन आणि ब्रदरची हेडे पिएझो पद्धतीची, म्हणजे उष्णता न वापरता शाई ढकलणारी असून यंत्रात कायमची बसवलेली असतात. ती टिकाऊ असतात, पण पूर्ण बंद पडली तर सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टँक प्रिंटरांत हेडे उष्णतेने शाई फेकणारी असतात आणि ती साधारणपणे घरीच काढून नवी बसवता येतात. घरात मोठे खंड पडत असतील, तर हा भेद निर्णायक धरावा.

मोनो लेझर म्हणजे केवळ काळी छपाई. टोनर ही कोरडी भुकटी असते, ती वाळत नाही. चार महिन्यांनी यंत्र सुरू केले तरी पहिले पान स्वच्छ निघते. जिथे रंग लागत नाही, पाने अनियमित छापली जातात आणि कागदपत्रे टिकावीत अशी अपेक्षा असते, तिथे लेझरच घ्यावा. वकिली, हिशेबनीस किंवा शिकवणीचे काम घरातून करणाऱ्यांनी तर रंगाच्या मोहात पडू नये. वर्षातून चार रंगीत पाने लागली तर ती बाहेरून छापून आणणे केव्हाही स्वस्त पडते.

सावधान: टोनर कागदावर पक्का बसवण्यासाठी लेझर प्रिंटर आतला रोलर तापवतो. त्या क्षणी तो शेकडो वॅट वीज ओढतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लेझर जोडू नये. घरगुती इंकजेटला छपाईच्या वेळी सहसा वीस वॅटही लागत नाहीत. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या भागात, म्हणजे गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी हा फरक आधीच विचारात घ्यावा.

३. शाईचा हिशेब पानावर करा, बाटलीवर नको

बाटलीच्या किंवा कार्ट्रिजच्या किमतीला त्यातून निघणाऱ्या पानांनी भागले की दर पानाचा शाईखर्च मिळतो. पानांची संख्या कंपनीच्या संकेतस्थळावर आणि पुष्कळदा खोक्यावरही दिलेली असते. रंगीत इंकजेटसाठी ती आयएसओ/आयईसी २४७११ या चाचणीपद्धतीने आणि मोनो टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ ने मोजली जाते. साध्या मजकुराच्या पानावर साधारण ५ टक्के भाग शाईने व्यापला जातो, असा या आकड्यांमागचा ढोबळ हिशेब आहे. पूर्ण पानभर फोटो किंवा गडद पार्श्वभूमी छापली तर त्याच बाटलीतून फारच कमी पाने निघतात, आणि त्यात बाटलीचा दोष नसतो.

काही आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. एचपीच्या ८०५ क्रमांकाच्या साध्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे १२० पाने निघतात. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई असते आणि तिच्यातून सुमारे ४,५०० पाने निघतात. कॅननच्या जीआय-७९० काळ्या बाटलीत १३५ मिलिलिटर शाई आणि सुमारे ६,००० पाने असतात. ब्रदरच्या टीएन-२३६५ टोनरमधून सुमारे २,६०० पाने निघतात, आणि त्याच्या जोडीचे ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रोलर) सुमारे १२,००० पानांनंतर वेगळे बदलावे लागते. लेझरच्या हिशेबात ड्रमचा खर्च धरायला हमखास विसरले जाते.

आता तीन वर्षांचा हिशेब मांडू. समजा, कार्ट्रिजचे यंत्र ४,००० रुपयांना आणि १२० पानांचे कार्ट्रिज ८०० रुपयांना मिळते; टँकचे यंत्र १३,००० रुपयांना आणि ४,५०० पानांची बाटली ४५० रुपयांना मिळते. कार्ट्रिजवर एका पानाला शाईचे ६ रुपये ६७ पैसे पडतात, टँकवर १० पैसे. महिन्याला ६० पाने धरली तर तीन वर्षांत २,१६० पाने होतात. त्यासाठी १८ कार्ट्रिजे, म्हणजे १४,४०० रुपयांची शाई लागेल, आणि यंत्र धरून एकूण १८,४०० रुपये होतील. टँकवर यंत्रासोबत आलेली बाटली धरली नाही तरी १३,४५० रुपयांत काम भागते.

याच हिशेबात बाहेरचे दुकानही धरावे. समजा, दुकानदार काळ्या प्रिंटला कागदासह ५ रुपये घेतो. घरी ३०० रुपयांना ५०० कागदांचा रिम धरला तर कागदाचे ६० पैसे आणि शाईचे १० पैसे, म्हणजे पानाला ७० पैसे लागतात आणि दर पानामागे ४ रुपये ३० पैसे वाचतात. १३,००० रुपयांचे यंत्र वसूल व्हायला सुमारे ३,०२३ पाने, म्हणजे तीन वर्षे दरमहा सुमारे ८४ पाने छापावी लागतील. ज्यांच्या घरात महिन्याला पंधरा-वीस पाने निघतात, त्यांना प्रिंटर पैशांच्या दृष्टीने परवडत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रात्री अकरा वाजता मुलाला पान लागले आणि दुकान बंद असेल, तर घरच्या यंत्राचे मोल वेगळे असते. पण ती सोयीसाठी मोजलेली किंमत आहे, बचत नव्हे.

सावधान: नव्या यंत्रासोबत आलेल्या पहिल्या बाटल्यांमधून जाहीर संख्येपेक्षा कमी पाने निघतात, कारण त्यातली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यात जाते. लेझरसोबतचे टोनरही काही वेळा अर्धवट भरलेले असते. कॅननच्या एमएफ३०१० सोबत येणारे टोनर सुमारे ७०० पानांचे असते, तर बाजारात मिळणारे ९२५ क्रमांकाचे टोनर १,६०० पानांचे असते. पहिल्या भरणीवरून यंत्राला नावे ठेवू नयेत.

४. शाईचा प्रकार आपल्या कामाशी जुळवा

शाई दोन प्रकारची असते. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते. फोटो पेपरवर तिचे रंग तजेलदार उमटतात, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात, ते कागदावर बसतात आणि ओलाव्याला फारशी दाद देत नाहीत. टोनर तर वितळून कागदाला चिकटतो, त्यामुळे तो पाण्याने पसरत नाही. कॅननची जीआय-७९० काळी आणि एचपीची जीटी५३ काळी शाई पिगमेंट आहे. एप्सनची ००३ काळी शाई डाय आहे.

कोल्हापुरात हा फरक कागदावरचा राहत नाही. घरून चपला किंवा गूळ विकणारे जे पार्सलवर पत्त्याचे लेबल छापून लावतात, त्यांचे लेबल जुलैच्या पावसात कुरिअरवाल्याच्या हाती भिजणारच. डाय शाईचे लेबल असेल तर पत्ता वाचता येत नाही आणि पार्सल परत येते. त्यांनी लेझर किंवा काळी पिगमेंट शाई असलेला टँक घ्यावा, आणि लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. ज्यांना मुख्यतः मुलांच्या प्रकल्पांसाठी चित्रे आणि फोटो छापायचे आहेत, त्यांना डाय शाई पुरते.

५. लागणाऱ्या सोयींची यादी करा, बाकीच्या सोडा

स्कॅनरची काच बहुतेक घरगुती यंत्रांत ए४ आकाराचीच असते. लीगल आकाराचे करारपत्र किंवा प्रतिज्ञापत्र त्यावर पूर्ण मावत नाही. त्यासाठी वरून कागद ओढणारा फीडर, म्हणजे एडीएफ लागतो. एडीएफमुळे यंत्राची किंमत बरीच वाढते, म्हणून वर्षातून दोनदाच लीगल कागद स्कॅन होत असेल तर त्यासाठी पैसे घालू नयेत.

स्वस्त यंत्रांतला स्कॅनर सीआयएस प्रकारचा असतो. काचेला चिकटलेला कागद तो स्पष्ट घेतो, पण काचेपासून थोडा जरी उचललेला भाग धूसर येतो. जाड पुस्तकाचा मधला भाग, शिवणीचे जुने पासबुक, चुरगळलेले शिधापत्रक यांचे स्कॅन खराब येते ते यामुळे. असे कागद स्कॅन करताना झाकण हाताने घट्ट पण हलकेच दाबून धरावे.

दोन्ही बाजूंची आपोआप छपाई प्राथमिक मॉडेलांत सहसा नसते. नोट्स छापणाऱ्या घरात ही सोय खरोखर पैसे वाचवते, कारण कागद निम्मा लागतो आणि टँक प्रिंटरवर शाईपेक्षा कागदच महाग पडतो. कागदाचा ट्रे मागे उघडा आहे की पुढे बंद, हेही पाहावे. मागच्या उघड्या ट्रेमध्ये धूळ आणि ओल दोन्ही जातात. बंद ट्रे आपल्या हवेला अधिक योग्य. वाय-फाय असावेच, कारण आता घरातली बहुतेक छपाई फोनवरून होते. फॅक्स, रंगीत टच स्क्रीन आणि जाहिरातीतला पानांचा वेग यांसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

६. शाई आणि सेवा कोल्हापुरात मिळते का, हे आधी विचारा

मॉडेल पक्के करण्याआधी त्याच्या शाईचा नेमका क्रमांक लिहून घ्यावा, आणि शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी अशा वेगवेगळ्या भागांतल्या किमान दोन दुकानांत तीच बाटली तयार आहे का, हे विचारावे. “मागवून देतो” असे उत्तर दोन्हीकडे आले तर ते मॉडेल सोडावे. चारही रंग विचारावेत. काळी बाटली सगळीकडे असते, पिवळी किंवा किरमिजी मिळत नाही अशी वेळ येते. गडहिंग्लज, कागल किंवा जयसिंगपूरला राहणाऱ्यांनी आपल्या गावातही एकदा चौकशी करावी, कारण एका बाटलीसाठी शहरात येण्याचा खर्च बाटलीच्या किमतीत धरावा लागतो.

त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावर ४१६ ने सुरू होणारा आपला पिनकोड टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे दाखवते ते पाहावे. तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र उचलून न्यावे लागते, हे फोन करून विचारावे. वॉरंटीची अट शब्दशः वाचावी: अनेक टँक प्रिंटरांवर काळाची आणि पानांची अशी दुहेरी मर्यादा असते आणि जी आधी येईल ती लागू होते.

तपासा: शाईचा क्रमांक, दोन दुकानांतील उपलब्धता, सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि वॉरंटीच्या दोन्ही मर्यादा वहीत लिहिल्या आहेत का?

७. खरेदीच्या दिवशी

दुकानातून घेत असाल तर खोके समोर उघडून घ्यावे. खोक्यावरचा, यंत्राच्या मागचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच असावा. शाईच्या बाटल्यांची सील शाबूत आहेत का, यूएसबी केबल आहे का, हे पाहावे. बिल जीएसटीचे घ्यावे; कच्च्या पावतीवर वॉरंटीचा दावा करता येत नाही. ऑनलाइन मागवल्यास पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा आणि पूर्ण तपासणी होईपर्यंत खोके व थर्माकोल टाकून देऊ नये.

सावधान: दुकानातच शाई भरून यंत्र सुरू करून दिले असेल, तर ते दुचाकीवर आडवे-तिरके धरून आणू नये. भरलेला टँक कलला की शाई आत सांडते. शाई घरी भरणेच उत्तम. भरलेली असेल तर रिक्षात सपाट ठेवून आणावे.

८. जागा आणि पहिली भरणी

यंत्र सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावे. खिडकीखाली नको, कारण पावसाची झड आत येते. फ्रिजवरही नको, कारण तो थरथरतो. मागे कागद वर यायला मोकळी जागा सोडावी. मग आतल्या आणि बाहेरच्या सर्व रंगीत चिकटपट्ट्या काढाव्यात. स्कॅनरचे झाकण उचलून, आतला भाग उघडून पुन्हा एकदा पाहावे. राहिलेली एक पट्टी हेडची हालचाल अडवते आणि नव्या यंत्रात बिघाड असल्याचा समज होतो.

शाई भरण्यासाठी वीज स्थिर असलेली वेळ निवडावी. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना दिली असेल, तो दिवस टाळावा. बाटलीचा रंग आणि टँकवरचा रंग दोनदा ताडून, एकावेळी एकच बाटली उघडून, वरच्या खुणेपर्यंत भरावे. बाटली पिळू नये. शाई आपोआप उतरू द्यावी. त्यानंतर यंत्र शाई ओढून घेते. या काळात ते बंद करू नये आणि झाकण उघडू नये. शेवटी नोझल चेकचे पान, म्हणजे हेडच्या सर्व छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारे चाचणीचे पान, छापावे आणि त्यावर तारीख टाकून बिलासोबत जपून ठेवावे. पुढे तक्रार आली तर सुरुवातीला यंत्र कसे होते हे त्यावरून दाखवता येते.

सावधान: चुकून एका रंगाची शाई दुसऱ्या टँकमध्ये गेली, तर यंत्र चालू करू नये. छपाई केली तर मिसळलेली शाई नळ्यांतून हेडपर्यंत जाते. तसेच ठेवून सर्व्हिस सेंटरला फोन करावा.

वाय-फाय जोडताना अडचण येते ती बहुधा एकाच कारणाने. अनेक घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्कच ओळखतात, आणि फोन मात्र त्याच राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर असतो. जोडणीपुरता फोन २.४ वर आणावा. तरीही जमले नाही तर यूएसबीने छपाई सुरू करावी आणि वाय-फाय सावकाश सोडवावे.

९. आठवड्याचा नियम आणि पावसाळा

टँक किंवा कार्ट्रिजच्या प्रिंटरवर आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान छापावे. इतके केले तर हेड वाळण्याचे बहुतेक प्रसंग टळतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि सुटीत सगळे गावी गेलेले असताना हा नियम मोडतो, आणि जूनमध्ये यंत्र सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. लांबच्या गावाला जायचे असेल, तर शेजाऱ्यांना किंवा घरी राहणाऱ्या आजोबांना ते एक पान छापायला शिकवून ठेवावे.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन टोपणाखाली बसते आणि हवा लागत नाही. भिंतीवरचा स्विच आधी बंद केला, तर हेड मध्येच उघडे राहू शकते. ही चूक रोज रात्री होत असल्याचे अनेक घरांत दिसते, कारण झोपताना सगळे स्विच बंद करण्याची आपली सवय चांगलीच आहे. बटणाने बंद करून दिवा विझल्यावर स्विच बंद केला तर हरकत नाही. दिवसातून चार वेळा चालू-बंद मात्र करू नये. सुरू होताना यंत्र स्वतःची साफसफाई करते आणि त्यात शाई जाते.

पावसाळ्यात कागद हवेतली ओल शोषतो, त्याच्या कडा वळतात, दोन-तीन कागद एकदम ओढले जातात आणि अडकतात. जून ते सप्टेंबर ट्रेमध्ये वीस-पंचवीस कागदच ठेवावेत. उरलेला रिम त्याच्या वेष्टनात गुंडाळून कपाटात, भिंतीपासून दूर ठेवावा. साध्या कामाला ७५ किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. फार पातळ कागद आपल्या पावसात टिकत नाही.

सावधान: अडकलेला कागद कागदाच्या जाण्याच्या दिशेनेच, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. फाटलेला तुकडा आत राहिला का, हे फाटलेले भाग जोडून पाहावे.

१०. शाई विकत घेताना

शाई ब्रँडच्या नावावर नव्हे, क्रमांकावर घ्यावी. एकाच कंपनीच्या दोन टँक मॉडेलांची शाई वेगळी असू शकते. सील, होलोग्राम आणि क्यूआर कोड पाहावा, आणि बाटलीवरची तारीख वाचावी. सवलत आहे म्हणून तीन वर्षांची शाई भरून ठेवू नये. महिन्याला ६० पाने छापणाऱ्या घराला एक काळी बाटलीच वर्षानुवर्षे पुरते.

कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, शाईचा प्रश्न वारंवार येतो. टँक प्रिंटरवर माझे मत स्पष्ट आहे: पानाला १० पैशांचा शाईखर्च असताना त्यातले पाच पैसे वाचवण्यासाठी हजारो रुपयांचे हेड धोक्यात घालू नये. डाय शाईच्या टँकमध्ये पिगमेंट किंवा उलट, असे तर कधीच भरू नये. त्या शाईमुळे बिघाड झाला तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. मोनो लेझरवर, वॉरंटी संपल्यानंतर, चांगल्या दर्जाचे कंपॅटिबल टोनर वापरून पाहायला हरकत नाही. तिथे बचत खरी असते आणि धोका कमी. काही कार्ट्रिज प्रिंटर सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या कार्ट्रिजची चिप नाकारतात, आणि काही योजनांत यंत्र कायम इंटरनेटला जोडलेले व शाई मूळ कंपनीचीच असण्याची अट असते. अशा अटी खरेदीपूर्वी वाचाव्यात.

टँकमधली पातळी खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. नळीत हवा शिरली की ती काढण्यातच पुष्कळ शाई वाया जाते.

११. रेषा किंवा फिके पान आल्यास

क्रम चुकवू नये. आधी टँकची पातळी पाहावी. मग नोझल चेक छापावे. त्यावर तुटक रेषा असतील तरच हेड क्लिनिंग एकदा करावे आणि पुन्हा नोझल चेक छापावे. फार तर तीन वेळा. त्यानंतरही रेषा तुटक असतील तर यंत्र बंद करून रात्रभर, साधारण बारा तास तसेच ठेवावे. वाळलेली शाई मऊ होते आणि बुडबुडे वर निघून जातात. सकाळी पुन्हा नोझल चेक आणि एक क्लिनिंग. नोझल चेक स्वच्छ असूनही पान फिके असेल, तर दोष हेडमध्ये नसून सेटिंगमध्ये आहे: ड्राफ्ट मोड (कमी शाईची फिकी छपाई) किंवा कागदाचा चुकीचा प्रकार निवडलेला असतो.

सलग दहा-पंधरा वेळा क्लिनिंग करणे ही सर्वांत महागडी चूक आहे. प्रत्येक वेळी चारही रंगांची शाई हेडमधून वाहून वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये, जाते. ते पॅड भरले की यंत्र छपाई थांबवते. कॅननच्या जी३०२० सारख्या काही मॉडेलांत ही वाया गेलेली शाई साठवणारे मेंटेनन्स कार्ट्रिज घरीच बदलता येते. इतर अनेक मॉडेलांत पॅड सर्व्हिस सेंटरलाच बदलावे लागते. केवळ सॉफ्टवेअरने मोजणी शून्य करून देणाऱ्याकडे जाऊ नये, कारण पॅड भरलेलेच राहते आणि शाई खालून टेबलावर उतरते. हेडमध्ये सुई, स्पिरिट किंवा गरम पाणी घालण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नयेत.

सर्व्हिस सेंटरला नेण्यापूर्वी पहिल्या दिवशीचे नोझल चेकचे पान, आजचे पान, जीएसटी बिल आणि शाईच्या बाटलीचा फोटो एका पाकिटात घालावा. टँकची टोपणे घट्ट लावावीत, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सपाट ठेवून न्यावे, आणि दिल्याची पावती घेताना तिच्यावर आतापर्यंत छापलेल्या पानांची संख्या लिहून घ्यावी. ही संख्या यंत्राच्या सेटिंगमध्ये किंवा स्थिती-अहवालाच्या पानावर मिळते. वॉरंटीत असूनही कारण न देता दुरुस्ती नाकारली, तर नकार लेखी मागावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.